जुन्या एमएम-५४०साठी इंजिन आणि गियरबॉक्स: चार पर्यायांचा तुलनात्मक आढावा

धायरीत राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी मागील दिवाळीत १९९४ सालची महिंद्रा एमएम-५४० जीप विकत घेतली. चासी सरळ आहे, पत्रा बराच शाबूत आहे आणि फोर बाय फोरचा दांडा कुरकुर न करता जागेवर बसतो. थकले आहे ते इंजिन. सकाळी हीटर प्लग दोनदा तापवल्याशिवाय ते चालू होत नाही, ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढले की तेथून धूर फेकला जातो, आणि कात्रजच्या चढावर मागच्या रिक्षा हॉर्न वाजवू लागतात. चौथ्यावरून तिसरा गियर टाकताना कर्रकन आवाज येतो, त्यावरून गियरबॉक्सच्या सिंक्रो रिंगही (गियर सहज जुळवणाऱ्या कड्या) संपल्या आहेत हे उघड आहे. इंजिन आणि गियरबॉक्स दोन्ही उतरवावेच लागणार असल्यामुळे पुन्हा तेच बसवावे की दुसरे काही, असा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. तीन मिस्त्रींनी तीन सल्ले दिले आहेत. माझा चौथा आहे, आणि तो देण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच आहे की यांतील एक चूक मी स्वतः पूर्वी करून बसलो आहे.

पर्याय असे आहेत. पहिला, मूळचे प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिन आणि चार गियरचा केएमटी-९० बॉक्स नव्याने बांधून घेणे. दुसरा, त्याच घराण्यातील मोठे एक्सडी३पी इंजिन आणि त्यासोबतचा पाच गियरचा बीए-१०. तिसरा, बोलेरो किंवा थार डीआयमधील २५२३ सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स. चौथा, थारचे २४९८ सीसीचे सीआरडीई (संगणक-नियंत्रित कॉमन रेल डिझेल) इंजिन त्याच्या स्वतःच्या गियरबॉक्ससह. गाडीचा उपयोग म्हणजे शनिवार-रविवारी ताम्हिणी, वरंध, वेल्हे आणि महिन्यातून एखाद वेळी महामार्गाने सातारा. हा उपयोग मी मुद्दाम आधीच लिहीत आहे, कारण पुढील सर्व तुलना त्याच्याशी बांधलेली आहे. रोज खडकीला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचे उत्तर वेगळे येईल.

अश्वशक्तीचा आकडा आणि वेगाचे गणित

इंजिन निवडताना बहुतेक जण प्रथम अश्वशक्ती विचारतात. या गाडीच्या बाबतीत तो आकडा फसवा आहे. मूळचे एक्सडीपी २११२ सीसीचे असून ६२ अश्वशक्ती देते. थार डीआयमधील २५२३ सीसीचे इंजिन ६३ देते. कागदावर दोन्ही सारखीच वाटतात. फरक असा की प्यूजो ही शक्ती मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर देते, तर डीआय ३२०० फेऱ्यांवर. प्यूजोचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १२० न्यूटनमीटर आहे, डीआयचा त्याच्या दीडपट, म्हणजे १८०च्या आसपास.

याचे एक कारण सिलिंडरच्या मापांत आहे. एक्सडीपीचा बोअर ९० मिलीमीटर आणि स्ट्रोक ८३ मिलीमीटर, म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा कमी. असे इंजिन मोकळेपणाने फिरते. डीआयचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलीमीटर. हे विचित्र वाटणारे आकडे इंचांत मांडले की साडेतीन आणि चार असे पूर्ण निघतात, कारण या इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे. लांब स्ट्रोकचे इंजिन कमी फेऱ्यांत जोर लावते आणि जास्त फेरे त्याला मानवत नाहीत. शेतात नांगर ओढण्यासाठी हाच गुण हवा असतो. वरंध घाटाच्या उखडलेल्या वळणावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी वर काढतानाही हाच गुण हवा असतो. महामार्गावर मात्र तोच आडवा येतो.

किती आडवा येतो ते मोजता येते. समजा मागच्या डिफमध्ये (दोन चाकांना शक्ती वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये) क्राऊन या मोठ्या चक्राला ३९ दाते आणि पिनियन या लहान चक्राला ८ आहेत, म्हणजे गुणोत्तर ४.८८. सोळा इंची रिमवरील जुन्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर धरला, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सव्वादोन मीटरच्या थोडी पुढे जाते. चौथा गियर थेट, म्हणजे एकास एक, असल्यामुळे ३२०० फेऱ्यांवर गाडीचा वेग ताशी ८९ किलोमीटर येतो, आणि तेथे डीआयचा श्वास संपतो. क्राऊन-पिनियन ४३ आणि ८ दात्यांचे, म्हणजे ५.३८ गुणोत्तराचे असेल, तर हीच मर्यादा ८१ किलोमीटरवर येते. याउलट प्यूजोला ४५०० फेऱ्यांची मोकळीक असल्यामुळे त्याच चौथ्या गियरमध्ये हिशेबाने १२५चा वेग निघतो. प्रत्यक्षात चौकोनी अंगाची ही गाडी ६२ अश्वशक्तीवर तेवढी पळत नाही, पण इंजिन आधी अडवत नाही.

माझी चूक नेमकी हीच होती. माझ्या पूर्वीच्या जीपमध्ये मी डीआय बसवले आणि पैसे वाचवण्यासाठी जुना चार गियरचा बॉक्स तसाच ठेवला. सिंहगडाच्या चढावर पहिल्या दिवशी झालेला आनंद दुसऱ्या आठवड्यात सातारा रस्त्यावर मावळला, कारण शेजारून एसटी पुढे निघून जात होती आणि माझ्या पायाखालचा पेडल जमिनीला टेकलेला होता. इंजिन आधीपेक्षा जोरदार आणि गाडी आधीपेक्षा हळू, अशी ही अवस्था होती. डीआय घ्यायचे असेल तर पाचव्या गियरशिवाय घेऊ नये, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे. पाचवा गियर ०.८२ गुणोत्तराचा धरला, तर ताशी ८० किलोमीटरवर इंजिनाचे फेरे २८८० वरून २३६० वर येतात, आणि वेगाची मर्यादा ८९ वरून १०८ वर जाते. हा फरक कानालाही कळतो आणि डिझेलच्या काट्यालाही.

म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी मागचे एक चाक जॅकवर उचलून डिफचे झाकण उघडावे आणि दाते मोजावेत. झाकण आणि गॅस्केटला लागणारा अर्धा तास पुढील बराच खर्च वाचवतो.

मूळचे प्यूजो पुन्हा बांधणे

या पर्यायात नवलाई काही नाही आणि तेच त्याचे बळ आहे. इंजिनाचे फाउंडेशन, बेलहाऊसिंग, क्लच, सायलेन्सर, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट (डिफकडे शक्ती नेणारा दांडा) यांपैकी काहीही बदलावे लागत नाही. लाईनर-पिस्टन, बेअरिंग, नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, हेडची सपाटी आणि व्हॉल्व्ह सीट एवढे काम नीट झाले, तर इंजिन पुन्हा काही वर्षे निश्चिंत चालते. प्री-चेंबरमध्ये (सिलिंडरला जोडलेल्या लहान कप्प्यात) डिझेल पेटवणाऱ्या जुन्या पद्धतीमुळे त्याचा आवाज डीआयपेक्षा मऊ असतो आणि हादरे कमी असतात; लांबच्या प्रवासात याचे महत्त्व कळते. त्याच पद्धतीमुळे त्याला हीटर प्लग लागतात आणि डिझेल थोडे अधिक लागते.

मर्यादा दोन आहेत. चढावर ते ओढत नाही, ही तक्रार नवीन असतानाही होती. बांधून घेतल्याने ती निम्मी होईल, नाहीशी होणार नाही. दुसरी मर्यादा तापण्याची. या इंजिनाचे हेड एकदा तापून वाकले की पुन्हा पुन्हा गॅस्केट मागते, त्यामुळे बांधणी करताना रेडिएटरचा गाभा, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांवरचा खर्च टाळणे म्हणजे पूर्ण बांधणी पाण्यात घालणे होय. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नये. इंजिन थंड राहते असे वाटते, पण ते योग्य तापमानाला कधीच पोहोचत नाही आणि लाईनर लवकर झिजतात.

केएमटी-९० बॉक्सविषयी फार सांगण्यासारखे नाही. साधा, दणकट आणि कोणत्याही जुन्या मिस्त्रीला डोळे मिटून उघडता येणारा बॉक्स आहे. सिंक्रो रिंग आणि बेअरिंग बदलली की तो मार्गाला लागतो.

एक्सडी३पी आणि बीए-१०

मिस्त्रींच्या यादीत हा पर्याय नव्हता, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. एक्सडी३पी म्हणजे त्याच प्यूजो घराण्यातील थोरला भाऊ: बोअर ९४, स्ट्रोक ९०, एकूण २४९८ सीसी आणि सुमारे ७२ अश्वशक्ती. २००० साली आलेल्या पहिल्या बोलेरोत हेच इंजिन होते. स्वभाव तोच, मऊ आणि फिरण्यास मोकळा, फक्त अंगात थोडी अधिक ताकद. त्याच्यासोबतचा बीए-१० पाच गियरचा असल्यामुळे महामार्गावरचा घोंघाट कमी होतो. फाउंडेशन आणि पाइपांची मांडणी जुन्या इंजिनाच्या जवळची असल्याने वेल्डिंग आणि जुगाड कमी लागतात.

अडचण आहे ती चांगला नग मिळण्याची. ही इंजिने बाजारात येऊन पंचवीस वर्षे उलटून गेली. भंगारात दिसणारे बहुतेक नग आधीच दोनदा बोअर झालेले असतात. शिवाय थारचे सीआरडीईही २४९८ सीसीचेच आहे, त्यामुळे विक्रेत्याने नुसते ‘पंचवीसशेचे इंजिन’ म्हटले तर कोणते ते विचारूनच घराबाहेर पडावे.

डीआय आणि पाच गियर

पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक तालुक्यात डीआय उघडू शकणारा माणूस सापडतो. भोर, वेल्हे, मुळशी या भागांत बोलेरो आणि पिकअप यांचे राज्य आहे, आणि मढे घाटाच्या वाटेवर संध्याकाळी पाच वाजता नोझलचा पाइप फुटला तर तो मिळण्याची शक्यता याच इंजिनाच्या बाबतीत सर्वाधिक आहे. हा मुद्दा शहरात बसून तुलना करताना लहान वाटतो. गाडी एकदा बंद पडली की सर्वांत मोठा ठरतो. डिझेलही ते कमी खाते, आणि थंडीत हीटर प्लगची मनधरणी करावी लागत नाही.

त्याची किंमत मात्र अंगाने मोजावी लागते. हे इंजिन जड आहे, उंच आहे आणि हादरते. पुढच्या कमान पाट्यांना एक पान वाढवावे लागते, अन्यथा गाडी नाक खाली घालून उभी राहते. ऑइलचा चेंबर पुढच्या अक्सलच्या फार जवळ येत नाही ना, हे चाक पूर्ण वर दाबलेल्या स्थितीत तपासावे लागते. जॅकवर उभ्या गाडीत सर्व काही छान मोकळे दिसते. फाउंडेशनची रबरे स्वस्तातली घेतली तर सहा महिन्यांत बॉडीचे बोल्ट सैल होऊ लागतात, आणि आरशात मागची गाडी एक आहे की दोन हे कळत नाही.

आता गियरबॉक्स, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या पर्यायात सर्वाधिक पैसे याच ठिकाणी वाया जातात. भंगारात मिळणाऱ्या बहुसंख्य बोलेरो दोन चाकी ओढीच्या असतात. त्यांच्या गियरबॉक्सच्या मागच्या टोकाला शेपटीसारखे लांब घर असते आणि त्यातून थेट प्रॉपेलर शाफ्ट निघतो. फोर बाय फोरच्या बॉक्सचा मुख्य शाफ्ट वेगळा असतो आणि मागचे घर ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत शक्ती वाटणारी पेटी) बसण्याजोगे असते. बाहेरून, विशेषतः ग्रीस आणि चिखलाने माखलेल्या अवस्थेत, दोन्ही एकाच घरातले वाटतात. ‘सब सेम है, लग जायेगा’ हे वाक्य मी एकदा ऐकले आहे, त्यावर विश्वासही ठेवला आहे, आणि तो बॉक्स नंतर निम्म्या किमतीत परत विकला आहे. शेपूट दिसली की परत फिरावे.

दुसरी गोष्ट लांबीची. पाच गियरचा बॉक्स चार गियरच्या बॉक्सपेक्षा लांब असतो, त्यामुळे ट्रान्सफर केस तेवढी मागे सरकते आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट तेवढा आखूड होतो. एमएम-५४०चा व्हीलबेस सुमारे ९१ इंच, म्हणजे २३१ सेंटिमीटर. थारचा २४३ सेंटिमीटर. थारमध्ये जे सहज बसते त्यासाठी या गाडीत बारा सेंटिमीटर कमी आहेत. आखूड शाफ्टचा कोन तीव्र होतो, त्याच्या टोकांचे क्रॉस (सांधे) लवकर झिजतात आणि साठच्या पुढे आसनाखाली गुणगुण सुरू होते. त्यातच मालकाने कमानींखाली ठोकळे घालून गाडी उंच केली असेल, तर कोन आणखी बिघडतो. जुन्या विलीज मांडणीत डिफ मध्यावर नसून एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे नव्या गाडीची ट्रान्सफर केस घेतली तर तिच्यातून निघणारा शाफ्ट आणि जुना डिफ एका रेषेत येत नाहीत. मूळची ट्रान्सफर केस ठेवणे किंवा दोन्ही अक्सलसह सर्व बदलणे, असे दोनच स्वच्छ मार्ग आहेत. मधला मार्ग लेथवाल्याला आवडतो, क्रॉसला आवडत नाही.

सीआरडीई

१०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटनमीटर, तोही १८०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान. हे आकडे वाचून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावे. महामार्ग आणि घाट दोन्हींत याच्या जवळपास दुसरे कोणी येत नाही, आणि मेहुण्यांचे मन खरे तर याच पर्यायावर आहे.

पण मूळ इंजिनाचा टॉर्क १२० होता. लो गियरमध्ये दगडांवर चढताना हा टॉर्क गियर आणि डिफच्या गुणाकाराने कित्येक पटींनी वाढून हाफ शाफ्टपर्यंत (चाक फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचतो, आणि तो आता दुप्पट असेल. जेथे पूर्वी इंजिन बंद पडत असे, तेथे आता काहीतरी तुटेल. त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. या जीपला चारही चाकांना ड्रम आहेत, तर थारला पुढे डिस्क होते. १०५ अश्वशक्तीची गाडी ६२ अश्वशक्तीच्या ब्रेकवर खंबाटकी उतरवणे मला मान्य नाही, त्यामुळे पुढचे अक्सल, डिस्क, बूस्टर आणि त्यासाठी व्हॅक्यूम पंप हा खर्च इंजिनाच्याच खात्यात मांडला पाहिजे.

विजेचे काम वेगळेच. या इंजिनाला केबलचा पेडल चालत नाही. सेन्सर असलेला पेडल, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), संपूर्ण वायरिंग हार्नेस, फ्यूज बॉक्स आणि इमोबिलायझर असल्यास त्याच ईसीयूशी जुळणारी किल्ली, हे सर्व एकाच गाडीतून उतरलेले असले पाहिजे. हार्नेस कापून आणलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तीस वर्षांच्या टाकीतील गंज जुन्या पंपाने निमूटपणे सहन केला. कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर तो सहन करत नाहीत, म्हणून टाकी आणि पाइप नवे लागतात. अपघातग्रस्त अख्खी थार समोर उभी असेल, तिचे कागद स्वच्छ असतील आणि इंजिनापासून अक्सलपर्यंत सर्व घेता येत असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा. मग मनात एक प्रश्न येतोच, की एवढे सगळे बदलल्यावर थारच का घेऊ नये. मी तो मेहुण्यांना विचारला. ते गप्प बसले.

आरसी बुक

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच प्रकारचे इंजिन बसवून नवा क्रमांक नोंदवून घेणे ही एक गोष्ट. वेगळ्या क्षमतेचे, वेगळ्या मॉडेलचे इंजिन बसवणे ही पूर्णपणे दुसरी. ‘सगळे करतात’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. १९९४ची गाडी २००९, २०१४, २०१९, २०२४ अशी प्रत्येक वेळी तपासणीला उभी राहिली असणार, आणि पुढची पाळी २०२९ची आहे. त्या दिवशी निरीक्षक चासी आणि इंजिन क्रमांक कागदाशी ताडून पाहतो. म्हणून इंजिनाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी संगमपुलाजवळील परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. दिल्लीतील दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम पुण्याला लागू नाही, एवढा दिलासा आहे. पर्यावरण कर आणि पीयूसी मात्र चुकत नाहीत. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची आहे, आणि नोझल-पंप नीट असलेले कोणतेही जुने इंजिन ती पाळू शकते.

इंजिन कोठून आले याचाही पुरावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतील कुदळवाडीची भंगार गोदामे मोठ्या प्रमाणावर पाडली गेल्यापासून माल विखुरला आहे, आणि ओळखीचा विक्रेता कोठे गेला हे शोधण्यातच दोन रविवार जातात. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेली पावती नसेल, तर ते इंजिन चोरीचे आहे असे समजूनच वागावे.

मेहुण्यांसाठी

त्यांच्या उपयोगासाठी माझी पसंती मूळच्या प्यूजोला आहे. आरसीला हात लावावा लागत नाही, ब्रेक आणि अक्सल पुरेसे ठरतात, आणि वर्षातून दहा-बारा वेळा साताऱ्याला जाताना ताशी ७५ने जाण्यात काही बिघडत नाही. गाडी वेल्ह्यात कायम ठेवून शेतीच्या कामालाही लावायची असती, आणि परिवहन कार्यालयाने लेखी मान्यता दिली असती, तर मी डीआय आणि फोर बाय फोरचा पाच गियर बॉक्स सांगितला असता. एक्सडी३पी मी तेव्हाच घेईन जेव्हा ते माझ्यासमोर सुरू करून दाखवले जाईल. त्यालाही परवानगीचा प्रश्न आहेच.

एक गोष्ट अजून हातात यायची आहे. दरम्यान इंजिन उतरवून क्रँक भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये मापाला दिला आहे. यापूर्वी तो किती वेळा ग्राइंड झाला आहे हे जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) मापावरून कळेल. शेवटच्या अंडरसाइझच्याही, म्हणजे ज्याला बेअरिंग मिळते अशा सर्वांत लहान मापाच्याही, खाली गेलेला निघाला, तर दुसरा क्रँक शोधावा लागेल किंवा वरील सर्व हिशेब पुन्हा मांडावा लागेल. गुरुवारी माप येणार आहे. तोपर्यंत सीआरडीईच्या जाहिराती पाहू नयेत, एवढी विनंती मी मेहुण्यांना केली आहे.